अंगाला ऑलिव्हचे तेल

आपल्याकडील औषधांच्या दुकानांतून, ज्या फळीवर तान्ह्या मुलांचे साबण, ग्राइपवॉटर आणि पावडरीचे डबे मांडलेले असतात त्याच फळीवर, ऑलिव्हच्या तेलाचा पत्र्याचा डबाही गेली कित्येक दशके विराजमान झालेला दिसतो. आणि ज्या घरात हे तेल चमचाभरसुद्धा कधी कोणाच्या पोटात गेलेले नाही त्या घरातदेखील बाळंतिणीच्या सामानाच्या यादीत त्याचे नाव बिनदिक्कत लिहिले जाते. भूमध्य समुद्राच्या काठच्या लोकांचे जे नित्याचे अन्न, ते आपल्याकडे वाण्याच्या दुकानाआधी औषधांच्या दुकानात शिरले, व त्यामुळेच की काय, त्याच्या अंगी एखाद्या औषधाचे गुण असले पाहिजेत असा समज आपल्या मनात दृढ झाला. कांती उजळते, केस वाढतात, कोंडा जातो, बाळाची त्वचा मऊ होते, गर्भवतीच्या पोटावर वळ उमटत नाहीत, असे नाना गुण त्याच्या नावावर जमा आहेत. या खात्याची रुजुवात घालावयाची तर दोन ठिकाणी जावे लागते : ज्या भूमीत हा वृक्ष वाढतो तेथील जुन्या दस्तुराकडे, आणि गेल्या वीसपंचवीस वर्षांत त्वचेच्या अभ्यासकांनी केलेल्या प्रयोगांकडे. नवल असे की, एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या या दोन साक्षीदारांची जबानी पुष्कळशी जुळते. आणि ती अशी की, हे तेल अंगाला लावण्याइतकेच अंगावरून काढून टाकण्याचे तेल आहे.

ऑलिव्ह, म्हणजेच मराठी बायबलातला जैतून, हा वृक्ष वनस्पतिशास्त्रज्ञांच्या वर्गीकरणात आपल्या अगदी परिचयाच्या मंडळींच्या पंगतीस बसतो; मोगरा, जाई, जुई आणि पारिजातक ही सारी त्याच्याच कुळातली होत. त्याचे ताजे फळ मात्र या सुगंधी भाऊबंदांची आठवण यत्किंचितही करून देत नाही, कारण ‘ओल्युरोपिन’ नावाच्या द्रव्यामुळे ते इतके कडू असते की झाडावरून तोडून तोंडात टाकण्याचे धाडस कोणी दुसऱ्यांदा करीत नाही. तीळ, करडई, भुईमूग यांचे तेल बियांतून निघते. ऑलिव्हचे तेल फळाच्या गरातून निघते, आणि म्हणून फळे भरडून, त्यांचा लगदा मळून व दाबून, उष्णतेचे किंवा रसायनांचे साहाय्य न घेताही ते मिळविता येते. ज्या काळी माणसाजवळ दगडी जाते आणि लाकडी दाब यांपलीकडे यंत्रसामग्री नव्हती, त्या काळी हे तेल त्या प्रदेशात मुबलक झाले ते यामुळेच.

अंगाला ते लावण्याचा प्रघात किती जुना आहे याचा लेखी दाखला ग्रीसच्या दक्षिणेकडील पायलोस येथील राजवाड्याच्या दप्तरात मिळतो. इसवी सनापूर्वी १२०० च्या सुमारास तेथील कारकुनांनी मातीच्या पाट्यांवर जिनसांचे जे हिशेब लिहून ठेवले, व जी लिपी १९५२ साली मायकेल व्हेंट्रिस या इंग्रज वास्तुविशारदाने उलगडली, त्या हिशेबांत गुलाबाने आणि सेज नावाच्या सुवासिक झुडपाने वासविलेल्या तेलाच्या नोंदी आहेत. पुढे अथेन्सच्या वैभवकाळात तेल हे व्यायामशाळेचे अविभाज्य साहित्य झाले. तालमीत येणारा तरुण आपल्या मनगटाला चामड्याच्या वादीने एक लहानशी, डाळिंबाएवढी गोल कुपी अडकवून येई. तिच्या चपट्या काठावर तेल ओतून ते सर्वांगास चोळी. मग मल्ल असल्यास अंगावर बारीक धूळ उधळून घेई, आणि कुस्ती किंवा धाव आटोपल्यावर, तेल, घाम व धूळ यांचा जो चिकट राबडा अंगावर साठलेला असे तो काशाच्या एका वाकड्या, पन्हळीसारख्या खोलगट खरवडणीने दंडापासून मनगटापर्यंत आणि मांडीपासून घोट्यापर्यंत ओरपून काढी, आणि मगच अंगावर पाणी घेई. लायसिपस या शिल्पकाराचा एक प्रख्यात पुतळा, ज्याची रोमन काळातील संगमरवरी प्रतिकृती व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे, तो याच क्षणाचा आहे : एक हात लांब पसरलेला आणि दुसऱ्या हातातील खरवडणी त्या हाताखालून फिरणारी. शिल्पकाराला विजयाचा किंवा झुंजीचा क्षण न निवडता अंग स्वच्छ करण्याचा क्षण निवडावासा वाटला, यावरून हा विधी त्या समाजात किती परिचित होता हे कळते.

अथेन्सच्या पॅनअथेनाइया उत्सवातील शर्यतींत विजेत्याला बक्षीसही तेलाचेच मिळे. एका बाजूस अथीना देवीचे चित्र व दुसऱ्या बाजूस त्या त्या खेळाचे चित्र असलेले, सुमारे ३५ ते ४० लिटर तेल मावेल एवढे मोठे कुंभ असत, आणि रथांच्या शर्यतीतील विजेत्याच्या पदरात असे शंभराहून अधिक कुंभ पडत. एवढे तेल घरी खपणे शक्य नसल्यामुळे तो ते विकून टाकी, हे ओघानेच आले. याहून विस्मयकारक बाब अशी की, मल्लांच्या अंगावरून ओरपलेला तो राबडाही फुकट जात नसे. तो गोळा करून सांधेदुखीवर व सुजेवर लावण्याचे औषध म्हणून विकला जाई, आणि इसवी सन ७९ मध्ये मरण पावलेल्या प्लिनी या रोमन ग्रंथकाराने त्याच्या विक्रीची नोंद करून ठेवली आहे. आजच्या वाचकास किळस येईल. परंतु प्रसिद्ध खेळाडूंच्या अंगाला लागलेल्या वस्तूंना आज लिलावात काय किंमत येते हे पाहिले म्हणजे त्या काळच्या गिऱ्हाइकांना हसण्याचा आपला अधिकार बराच कमी होतो.

या सर्व खटाटोपाच्या मुळाशी एक साधे तत्त्व आहे. त्वचेवरील मळ हा बहुतांशी स्निग्ध असतो, तो नुसत्या पाण्याला दाद देत नाही, पण तेलात विरघळतो. म्हणून जेथे साबण ठाऊक नव्हता तेथे तेल हेच साबणाचे कार्य करी. पुढे जेव्हा साबण आला तेव्हा तोही याच तेलाचा आला. सिरियातील अलेप्पो शहरी ऑलिव्हच्या तेलात लॉरेलच्या फळांचे तेल मिसळून, पॅलेस्टाइनमधील नाब्लुस शहरी केवळ ऑलिव्हच्या तेलावर, आणि स्पेनच्या कॅस्टिल प्रांतात त्याच पद्धतीने साबण शिजविला जाऊ लागला; अलेप्पोच्या वड्या तर कापून, रचून, कित्येक महिने हवेशीर जागी वाळत ठेवतात, त्यायोगे त्या बाहेरून पिवळट तपकिरी होतात आणि चिरल्यास आतून हिरव्या निघतात. फ्रान्समध्ये १६८८ साली चौदाव्या लुईच्या सरकारने फर्मान काढून मार्सेलच्या साबणात ऑलिव्हखेरीज दुसरी चरबी घालण्यास मनाई केली. दुसऱ्या शतकातील वैद्य गेलन याच्या नावावर जे मलम सांगितले जाते, म्हणजे मेण, ऑलिव्हचे तेल आणि गुलाबपाणी एकत्र घोटून केलेले, ते आजच्या कोल्ड क्रीमचे मूळपीठ होय. त्यातील पाणी अंगावर उडून जाताना जो गारवा वाटतो त्यावरून ते नाव पडले. आणि कोल्ड क्रीमचा खरा उपयोग कोणता, असे एखाद्या जुन्या नटास विचारले असते तर त्याने तोंडावरचा रंग उतरविण्याचा, असेच उत्तर दिले असते. आपल्या नाटकमंडळ्यांत हेच काम खोबरेल करीत आले आहे.

आपल्या अभ्यंगस्नानाची घडण तरी निराळी कोठे आहे? नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल लावले की त्यामागून उटणे येते, आणि उटण्यामागून बंबातले कढत पाणी. तेल जिरले तेवढे जिरले, उरलेले सारे उटण्याबरोबर निघून जाते. ऑलिव्हच्या तेलाशी महाराष्ट्राचा आणि गोव्याचा जो खराखुरा जुना संबंध आहे तो मात्र स्नानाचा नसून देवळाचा आहे : वसईतील व गोव्यातील कॅथलिक ख्रिस्ती कुटुंबांत बालकाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी आणि रुग्णाच्या अभ्यंगाच्या वेळी जे पवित्र तेल लावले जाते ते परंपरेने ऑलिव्हचे असते, व रुग्णाभ्यंगासाठी अन्य वनस्पतींचे तेल वापरण्याची मुभा पोप सहावे पॉल यांनी १९७२ साली दिली. मुसलमानी परंपरेतही हे तेल खाण्याची आणि अंगास लावण्याची शिफारस आहे, आणि युनानी हकिमांच्या कपाटात रोगन-जैतून असतेच.

आता दुसऱ्या साक्षीदाराकडे वळू. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर, ज्याची जाडी कागदाहूनही कमी असते, हा मृत पेशींचा बनलेला असला तरी निरर्थक मुळीच नाही. त्याची रचना विटांच्या भिंतीसारखी असून, पेशी या विटा आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्ये हा चुना. हा चुना सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि स्वतंत्र मेदाम्ले यांच्या पापुद्र्यांनी बनतो. शरीरातील ओलावा आत राखणे आणि बाहेरचे जंतू व दाहक पदार्थ बाहेर ठेवणे हे त्याचे काम. यांतील काही महत्त्वाच्या सिरॅमाइडांच्या घडणीस लिनोलेइक अम्ल अपरिहार्य असते. जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने १९२९ साली उंदरांना स्निग्धांशरहित अन्नावर ठेवले तेव्हा त्या उंदरांच्या कातडीवर कोंड्यासारखे पापुद्रे धरले, आणि शरीराला स्वतः तयार करता न येणारी मेदाम्ले असतात हे जगाला प्रथम समजले, ते याच अम्लाच्या मागावरून.

ऑलिव्हच्या तेलात लिनोलेइक अम्ल थोडे असते, साधारणतः ३ ते २१ टक्के. त्याचा मुख्य घटक ओलेइक अम्ल हा होय, व तो ५५ पासून ८३ टक्क्यांपर्यंत असू शकतो. खाण्याच्या दृष्टीने हे प्रमाण स्तुत्य मानले जाते. परंतु पोटाला जे हितावह ते कातडीलाही हितावह असलेच पाहिजे असा कोणताही कायदा निसर्गाने केलेला नाही. त्वचेवरील जंतूंची पाचक द्रव्ये तेलाचे विघटन करतात, त्यातून ओलेइक अम्ल सुटे होते, आणि हे सुटे अम्ल वर सांगितलेल्या चुन्याच्या पापुद्र्यांत शिरून त्यांची शिस्त विस्कटून टाकते. औषधनिर्मात्यांना हा त्याचा स्वभाव चांगला ठाऊक आहे. त्वचेतून औषध आत शिरावे म्हणून जी मलमे व पट्ट्या करतात त्यांत वाट मोकळी करणारा घटक म्हणून ओलेइक अम्ल मुद्दाम घालण्याची रीत आहे. जे द्रव्य भिंतीला खिंडार पाडण्यासाठी नेमले जाते, तेच भिंतीची डागडुजी करील ही अपेक्षा विसंगत आहे.

इंग्लंडातील शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत वारंवार उद्धृत केला जातो. १९ प्रौढ स्वयंसेवकांच्या हातांवर दिवसातून दोन वेळा, प्रत्येक वेळी ऑलिव्ह तेलाचे सहा थेंब, असा क्रम चार ते पाच आठवडे ठेवण्यात आला. त्यांपैकी काहींच्या दुसऱ्या हाताला सूर्यफुलाचे तेल लावले. ऑलिव्हच्या बाजूची त्वचा दुबळी झाली व किंचित लाल पडली, मग त्या व्यक्तीस पूर्वी इसबाचा विकार असो वा नसो. सूर्यफुलाच्या तेलाने मात्र त्वचेची घट्टी कायम राहून तिचा ओलावा वाढला. १९ ही संख्या लहान आहे, आणि हाताच्या कातडीवरून सर्वांगाचा निवाडा करता येत नाही, हे खरे. तथापि या तेलाच्या बाजूने जे बोलले जाते त्यातील बहुतेक गोष्टींना १९ माणसांचाही आधार नसतो. लोक ज्या ‘ई’ जीवनसत्त्वाच्या नावावर भुलतात त्याविषयी एवढेच सांगतो की १०० ग्रॅम ऑलिव्हच्या तेलात ते सुमारे १४ मिलिग्रॅम असते आणि त्याहून पुष्कळ स्वस्त अशा सूर्यफुलाच्या तेलात सुमारे ४१ मिलिग्रॅम. फ्रान्समधील आर्ल गावच्या, १२२ वर्षे जगून १९९७ साली निवर्तलेल्या जान काल्माँ बाई आपल्या दीर्घायुष्याचे श्रेय अन्नावर ओतलेल्या आणि अंगाला चोळलेल्या ऑलिव्हच्या तेलास देत असत. पण त्या शंभरी उलटून गेल्यावरही सिगारेट ओढीत असत, आणि सिगारेटला ते श्रेय कोणी देत नाही.

तान्ह्या बाळांचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण त्यांच्या त्वचेची भिंत अद्याप बांधून पुरी व्हावयाची असते. मँचेस्टर येथे ११५ नवजात बालकांचे तीन गट करून एका गटास ऑलिव्हचे, दुसऱ्यास सूर्यफुलाचे तेल चार आठवडे लावले व तिसऱ्यास काहीच लावले नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, तेल लावलेल्या दोन्ही गटांत त्वचेचा ओलावा वाढला, परंतु स्निग्ध पापुद्र्यांची सुबक रचना ज्यांना काहीच लावले नव्हते त्यांच्यात अधिक चांगली साधली. याच्या उलट, ढाका येथील शिशुरुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बालकांना सूर्यफुलाचे तेल लावले असता रुग्णालयात जडणारे जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी घटले, हे २००५ साली प्रसिद्ध झाले आहे. दोन्ही प्रयोग एकत्र वाचले म्हणजे पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाला तेलाची निकड नसते, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ती असू शकते पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, असा अर्थ निघतो. मालीश करणारी बाई बाळाला पायांवर घेऊन जो हात फिरविते त्याचे सुख बाळाला निःसंशय मिळते. ते हाताचे सुख आहे, आणि त्यासाठी परदेशी डबाच हवा असे नाही. लिनोलेइक अम्लाचाच विचार करावयाचा तर सोलापूर-मराठवाड्याच्या शेतांत पिकत आलेल्या करडईच्या पारंपरिक वाणांच्या तेलात ते सत्तर टक्क्यांच्या वर असते. घरात कोणास इसब किंवा दमा असेल तर बाळाच्या अंगाला ऑलिव्हचे तेल न लावणे हेच इष्ट.

केसांच्या बाबतीत गैरसमज याहून दाट आहे, व त्यातला एक तर असा की प्रयोगशाळेतील कोणासही तो ऐकून हसू यावे. कोंडा होण्यात मॅलेसेझिया नावाच्या सूक्ष्म बुरशीचा हात असतो. ही बुरशी प्रत्येकाच्या टाळूवर थोडीबहुत राहतेच. तिच्या बहुतेक जातींना स्वतःची मेदाम्ले बनविता येत नाहीत, म्हणून ती टाळूच्या तेलकटपणावर जगते, त्यातील संपृक्त मेदाम्ले तेवढी वेचून खाते, आणि ओलेइक अम्लासारखी उरलेली असंपृक्त अम्ले तेथेच सोडते. ज्यांची टाळू या अम्लास सोशीक नसते त्यांना खाज सुटते व पापुद्रे धरतात. आता प्रयोगशाळेत ही बुरशी वाढवावयाची असली म्हणजे तंत्रज्ञ काय करतात, तर काचेच्या तबकडीतील पोषक थरावर ऑलिव्हच्या तेलाचे चार थेंब पसरतात, कारण स्निग्धांशावाचून तिच्या बहुतेक जाती उगवतच नाहीत! म्हणजे कोंड्यावर उपाय म्हणून आपण रात्री डोक्यात जे जिरवितो ते त्या बुरशीचे ताट असते, आणि तिच्या उच्छिष्टातील दाहक अम्ल आपण वर आयतेच वाढतो. कोंड्याच्या वाळलेल्या खपल्या तेलाने भिजून सैल होतात, म्हणून एकदोन दिवस डोके स्वच्छ झाल्याचा भास होतो. तेल तासाभरात शिकेकाईने किंवा शाम्पूने पुरते काढून टाकले तर या गुणाचा उपयोगही करून घेता येतो. तेल मुरवीत ठेवले की बाजू उलटते.

केस वाढण्याच्या दाव्यामागे एक प्रयोग आहे खरा. दक्षिण कोरियातील संशोधकांनी २०१५ साली उंदरांच्या पाठीला ओल्युरोपिन लावले आणि तेथे केस जोमाने उगवले. परंतु ओल्युरोपिन म्हणजे आरंभी सांगितलेले ते कडू द्रव्य. ते पानांत आणि कच्च्या फळात असते, तेलात फारच थोडे उतरते. उंदीर आणि माणूस यांतील अंतर तर बाजूलाच राहो. उगवलेल्या केसाला सांभाळण्याचे काम मात्र तेल करू शकते, व तेथे आपले खोबरेल सरस ठरते. मुंबईच्या मॅरिको कंपनीतील संशोधकांनी २००३ साली दाखविले की, खोबरेलातील लॉरिक अम्लाचे सुटसुटीत रेणू केसाच्या आत शिरून धुताना व विंचरताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतात, आणि हे काम सूर्यफुलाच्या तेलाला किंवा खनिज तेलाला साधत नाही. ही कंपनी खोबरेलच विकते हे वाचकाने ध्यानात ठेवावे. परंतु निष्कर्षामागील रसायनशास्त्र सरळ आहे. ऑलिव्हचे तेल केसावर लेप धरून त्याचा खरखरीतपणा घालविते, गुंता सुटण्यास मदत करते आणि चकाकी आणते. ज्यांचे केस राठ व कुरळे आहेत त्यांनी ते केसांच्या टोकांना, टाळूस न लागेल अशा बेताने, नहाण्यापूर्वी लावावे.

गर्भवतीच्या पोटावरील वळांविषयी असे की, ऑलिव्हचे तेलच काय, पण कोणतेही मलम ते टाळते असा भक्कम पुरावा २०१२ सालच्या कॉक्रेन समीक्षेस मिळाला नाही. उन्हापासून बचावासाठी या तेलावर विसंबू नये. भाजल्यावर तर ते मुळीच लावू नये. भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा. मुरुमे येणाऱ्या चेहऱ्यास ते वर्ज्य समजावे. मात्र तोंडावरची रंगरंगोटी, हाताला लागलेले डांबर किंवा चिकटपट्टीचा चिकटा काढण्यास ते उत्तम. भेगाळलेल्या टाचांवर रात्री चोळून मोजे चढविल्यास कातडी नरम पडते. आणि कानाच्या पडद्यास छिद्र नाही याची खात्री असेल तर घट्ट झालेला मळ मऊ करण्यासाठी इंग्लंडातील डॉक्टर आजही याचेच थेंब सुचवितात.

घ्यावयाचे झाल्यास ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ प्रतीचे घ्यावे, कारण त्यात सुट्या मेदाम्लांचे प्रमाण ०.८ टक्क्यांहून अधिक असता कामा नये असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे, व कातडीला त्रास देणारे अम्ल ते हेच. पारदर्शक बाटलीपेक्षा गडद काचेची बाटली किंवा पत्र्याचा डबा बरा, कारण उजेडाने तेल बिघडते. न्हाणीघराच्या कोनाड्यात, बंबाच्या उबेशी, तो ठेवू नये. नवे तेल प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस थोडेसे लावून एक दिवस वाट पाहावी. वास खवट येऊ लागला की ते अंगाला लावण्याच्या कामाचे राहिले नाही. दाराच्या कुरकुरत्या बिजागरीला चालेल.